झाडाला जीव आहे. वेदना आहे काय?

(वर्षावास प्रवचनमालेत मुरगूड येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी दिलेला आहे. पंचशीलातील पहिले शील आपण प्रत्येक कार्यक्रमात ग्रहण करतो. पाणातिपातापासून, म्हणजे जीव घेण्यापासून, अलिप्त राहण्याची ती प्रतिज्ञा आहे. त्यावर मुलांचा प्रश्न असा, की झाडांनाही जीव असतो हे जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केले असे आम्ही शाळेत शिकलो. मग मेथीची जुडी निवडणारी आई आणि कोंबडी कापणारा दुकानदार यांच्यात फरक तो काय? हा प्रश्न काहीजण मनापासून विचारतात. काहीजण केवळ समोरच्याचे तोंड बंद करण्यासाठी विचारतात. "सगळ्यातच जीव आहे" असे एकदा म्हटले की पुढे कशाचाच विचार करावा लागत नाही, अशी ती सोय आहे. परंतु प्रश्न खोटा नाही. अडीच हजार वर्षांपूर्वी तो आपल्या भिक्खुसंघापुढेही आला होता.

सध्या वर्षावास चालू आहे, म्हणून तेथूनच आरंभ करतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूंनी एका ठिकाणी राहायचे, ही प्रथा कशी पडली? विनयपिटकाच्या महावग्गात त्याचे कारण दिले आहे. आरंभी भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत. लोक कुरकुर करू लागले, की इतर पंथांचे साधूसुद्धा पावसाळ्यात एका जागी थांबतात, पाखरे झाडाच्या शेंड्यावर घरटे करून राहतात, आणि हे शाक्यपुत्र श्रमण मात्र हिरवे गवत तुडवीत, एकेंद्रिय जिवाला इजा करीत, बारीकसारीक प्राण्यांचा नाश करीत हिंडतात. ही तक्रार ऐकून भगवंतांनी वर्षावासाचा नियम केला. म्हणजे आपण ज्या निमित्ताने आज एकत्र बसलो आहोत, त्या निमित्ताच्या मुळाशीच गवताचा आणि किड्यामुंगीचा प्रश्न आहे.

'एकेंद्रिय जीव' हा शब्द लक्षात ठेवा. झाडाला एकच इंद्रिय, स्पर्शाचे, अशी त्या काळी लोकांत समजूत होती. जैन बांधव आजही ती मानतात आणि आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात ही विचारसरणी आपल्याला अपरिचित नाही. बुद्धांनी ती मानली काय? याचे उत्तर विनयातल्या दुसऱ्या एका प्रसंगात मिळते. आळवी येथे भिक्खू विहार बांधण्यासाठी झाडे तोडीत होते. एका झाडावर राहणाऱ्या देवतेने तक्रार केली, आणि लोकांनीही निंदा केली. तेव्हा भगवंतांनी झाडे तोडणे हा भिक्खूंसाठी दोष ठरवला. पण ठरवताना कारण काय दिले ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. झाडाला दुःख होते असे ते म्हणाले नाहीत. लोक झाडात जीव आहे असे मानतात, असे म्हणाले. लॅम्बर्ट श्मिटहाउझेन या जर्मन पंडितांनी १९९१ मध्ये याच एका मुद्द्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले; प्रश्न किती अवघड आहे हे एवढ्यावरूनच समजावे. माझे मत विचाराल तर भगवंतांनी येथे वादाचा निकाल दिला नाही, वागण्याचा निकाल दिला. ज्याबद्दल शंका आहे त्याला उगाच हात लावू नका, आणि लोकांच्या भावनेचा मान राखा, एवढेच.

याच नियमाच्या स्पष्टीकरणात वनस्पती कशाकशापासून उगवतात त्याचे पाच प्रकार दिले आहेत. मुळापासून उगवणाऱ्या, जसे हळद आणि आले, खोडापासून उगवणाऱ्या, जसे पिंपळ आणि वड, पेरापासून उगवणाऱ्या, शेंड्यापासून उगवणाऱ्या, आणि बियांपासून उगवणाऱ्या. यातील पेरापासून उगवणाऱ्यांचे पहिले उदाहरण कोणते असेल? ऊस. वेदगंगेच्या काठच्या माणसाला हे सांगावे लागू नये. आपण उसाची टिपरी करतो, डोळा मातीत जातो आणि नवा ऊस उगवतो. ज्यांनी विनयाचे हे नियम घालून दिले त्यांना शेत माहीत होते. या टिपरीकडे मी थोड्या वेळाने परत येणार आहे, कारण आजच्या प्रश्नाची एक किल्ली तिच्यात आहे.

आता शब्दाचा एक घोळ सोडवू. मराठीत 'वेदना' म्हणजे दुखणे. पालीत तसे नाही. पालीत वेदना म्हणजे जाणवणे. ते सुखद असेल, दुःखद असेल किंवा दोन्ही नसेल. रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान या पाच स्कंधांतील ती दुसरी. तेव्हा "झाडाला वेदना आहे काय" याचा खरा अर्थ असा, की झाडाला काही जाणवते काय? इजा होणे आणि इजा जाणवणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. ऑपरेशनच्या टेबलावर भूल दिलेल्या माणसाचे पोट डॉक्टर कापतात. त्याला इजा होते. त्याचे शरीर त्या इजेची नोंदही घेते, रक्त गोठू लागते, नाडी बदलते. पण त्याला दुखत नाही, कारण जाणवणारा तेवढ्यापुरता हजर नसतो. विहिरीवरच्या मोटरीचा स्टार्टर घ्या. भार वाढला की तो आपोआप बंद पडतो आणि मोटार जळण्यापासून वाचते. धोक्याची नोंद झाली, बचावाची कृतीही झाली. पण स्टार्टरला त्रास झाला असे आपण म्हणत नाही.

झाड म्हणजे स्टार्टर नव्हे, हे मात्र लगेच सांगितले पाहिजे. बोसांचे मोठेपण येथेच आहे. १० मे १९०१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी वनस्पतीच्या अंगात विजेच्या सूक्ष्म लहरी उठतात, विषाने त्या मंदावतात आणि थांबतात, हे प्रयोगाने दाखवले. पुढे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र करून रोपाची वाढ हजारो पटींनी मोठी करून लोकांना डोळ्यांनी पाहता येईल असे केले. वनस्पतीला मज्जासंस्थेसारखे काही असले पाहिजे असा त्यांचा दावा होता आणि त्यावर पाश्चात्य शास्त्रज्ञांनी त्यांना बराच विरोध केला. तेव्हा बोसांनी झाडाला जीव आहे हे सिद्ध केले, हे वाक्य थोडे चुकीचे आहे. झाड जिवंत असते हे त्यापूर्वीही सर्वांना माहीत होते. झाड इजेला चटकन आणि विजेच्या भाषेत उत्तर देते, हे त्यांनी दाखवले. ते आज पूर्ण मान्य झालेले आहे.

आज आपल्याला बोसांपेक्षा बरेच अधिक माहीत आहे. २०१८ मध्ये अमेरिका आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका लहान रोपाचे पान कापले आणि जखमेपासून दूरच्या पानांपर्यंत कॅल्शियमची लाट पसरत जाताना तिचे चित्रण केले. ही लाट सुरू होते ग्लुटामेट या द्रव्याने. तेच द्रव्य आपल्या मेंदूतही निरोप पोचवण्याचे काम करते. २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठातील संशोधकांनी टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ मायक्रोफोन ठेवले. पाणी तोडलेले किंवा खोड कापलेले रोप तासाला साधारण तीस ते पन्नास वेळा टक्‌टक् असा आवाज करते असे आढळले. धडधाकट रोप तासाला एखादाही करीत नाही. हा आवाज आपल्या कानांच्या पट्टीच्या फार वरचा असल्याने आपल्याला ऐकू येत नाही. वर्तमानपत्रांनी लगेच 'झाडे किंचाळतात' असे मथळे दिले. प्रत्यक्षात, पाणी कमी पडले की खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे होतात आणि फुटतात, त्याचा तो आवाज असावा असे संशोधकांनाच वाटते. वाळताना लाकूड तडकते, ते काही रडत नसते.

तंबाखूवरून आठवले. निपाणीची बाजारपेठ आपल्याला जवळची, आणि या भागातल्या अनेकांच्या घरात तंबाखूचे पीक झालेले आहे. तंबाखूचा शेंडा का खुडतात? फुलोऱ्यात जाणारी शक्ती पानांत उतरावी, पान जाड आणि कडक व्हावे, म्हणून. आता शेंडा खुडल्यावर रोपात काय होते ते पाहा. जखमेचा निरोप एका रसायनाच्या रूपाने मुळापर्यंत जातो. निकोटिन पानात तयार होत नाही, ते मुळात तयार होते. निरोप मिळाला की मुळे निकोटिनचे उत्पादन वाढवतात आणि ते पाण्याबरोबर वर चढून पानांत साठते. रोपाच्या दृष्टीने कोणीतरी आपल्याला खात आहे. किडा असेल तर हे विष त्याच्या मज्जातंतूंवर घाव घालील. तो किडा नसून बागायतदार आहे हे रोपाला कळत नाही. म्हणजे विडी ओढणारा माणूस ज्या कडकपणासाठी पैसे मोजतो, तो एका रोपाने स्वतःच्या बचावासाठी केलेला उपाय आहे. मला हे फार आश्चर्याचे वाटते. हात नाहीत, पाय नाहीत, मेंदू नाही, आणि तरी जखमेची बातमी शेंड्यापासून मुळापर्यंत पोचते, तिचे उत्तर तयार होऊन वर येते.

मग त्याला दुखते काय? येथे उसाच्या टिपरीकडे वळू. एका उसाच्या दहा टिपऱ्या केल्या तर दहा ऊस होतात. उसाला जाणवणारे एक मन असते, तर ते कोणत्या टिपरीत गेले? दहाही ठिकाणी गेले म्हणावे तर ते एक नव्हते. कोठेच गेले नाही म्हणावे तर नवे उगवले कसे? सरळ उत्तर असे, की उसात जीवन आहे, पण ते एका केंद्राभोवती गोळा झालेले नाही. बैलाचे दहा तुकडे केले तर दहा बैल होत नाहीत. बैलाच्या अंगावर कोठेही माशी बसली तरी बातमी एकाच ठिकाणी जाते, आणि तेथे ती 'माझ्या'वर बसली असे होते. झाडात असे ठिकाण अजून कोणाला सापडलेले नाही. दुसरी गोष्ट, दुखण्याचा उपयोग काय? दुखते म्हणून प्राणी पळतो, आणि दुखले होते म्हणून पुढच्या वेळी तेथे जात नाही. ज्याला जागा सोडता येत नाही, त्याला दुखण्याचा उपयोग कमी. लिंकन टेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये वनस्पतींना जाणीव नाही आणि तिची त्यांना गरजही नाही, असे ठामपणे मांडले. याउलट काहीजण म्हणतात, की लाजाळूला ईथर दिले की ती पाने मिटायची थांबते, तेव्हा तिलाही आपल्यासारखी भूल चढते. हे खरे आहे. क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच ते दाखवले होते. पण ही औषधे पेशीच्या आवरणावरच काम करतात. भूल चढते यावरून आधी शुद्ध होती असे ठरत नाही.

तेव्हा माझे उत्तर असे. झाडाला जीवन आहे, इजेची नोंद आहे, बचाव आहे. वेदना आहे असे म्हणायला आज आधार नाही. आणि समजा उद्या आधार मिळाला, तरीही त्या वाद घालणाऱ्याचा मुद्दा टिकत नाही. कारण कोंबडी, बकरा, डुक्कर हे काही हवा खाऊन वाढत नाहीत. एक किलो मांस तयार होण्यासाठी कितीतरी किलो धान्य आणि चारा त्यांच्या पोटात गेलेला असतो. झाडांचीच दया येत असेल तर ताटातले मांस आधी कमी केले पाहिजे!

आता प्राण्यांकडे येऊ. मज्झिमनिकायात जीवक सुत्त आहे. तथागतांसाठी कोणी प्राणी मारला तर त्याला पाच प्रकारे पाप लागते असे तेथे सांगितले आहे. पहिला प्रकार, "त्या प्राण्याला घेऊन या" अशी आज्ञा. दुसरा, गळ्याला दोरी लावून ओढत आणताना त्या प्राण्याला होणारे दुःख. मारण्याचा हुकूम, मारताना होणारे दुःख आणि ते मांस खाऊ घालणे, हे पुढचे तीन. दोरीने ओढत आणताना होणारे दुःख वेगळे मोजले आहे, इकडे माझे लक्ष नेहमी जाते. मृत्यू अजून झालेला नाही, सुरी लागलेली नाही, आणि हिशेब सुरू झालेला आहे. झाडाच्या बाबतीत 'लोक मानतात' एवढेच म्हणणारे भगवंत प्राण्याच्या बाबतीत 'त्याला दुःख होते' असे स्पष्ट म्हणतात.

शास्त्र येथवर यायला फार वेळ लागला. सतराव्या शतकात देकार्त या तत्त्वज्ञाने जनावर म्हणजे चालते यंत्र अशी विचारसरणी मांडली आणि तिच्या आधाराने जिवंत कुत्र्यांवर चिरफाड झाली. जनावराचे सोडा, १९८० च्या दशकापर्यंत प्रगत देशांतही नवजात बालकांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. बाळाची मज्जासंस्था कच्ची, त्याला फारसे जाणवत नाही, अशी समजूत होती. भारतीय वंशाचे डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने ती समजूत मोडली. योग्य भूल दिलेली बालके अधिक चांगली सावरतात हे त्यांनी दाखवले. म्हणजे ज्याला सांगता येत नाही त्याला दुखत नाही, असे शिकलेल्या डॉक्टरांनी मानले, तेही माणसाच्या पोराबद्दल. ज्यांच्या पूर्वजांचे ओरडणे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकूनही ऐकले नाही, त्यांना हे अधिक विस्ताराने सांगायची गरज नाही.

प्राण्याला दुखते हे ओळखायचे कसे, तो तर बोलत नाही? शास्त्रज्ञांनी त्यासाठी साध्या युक्त्या काढल्या आहेत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल विद्यापीठाने २००० मध्ये मांसासाठी पाळलेल्या लंगड्या कोंबड्यांपुढे दोन प्रकारचे खाद्य ठेवले. एकात वेदनाशामक औषध मिसळलेले होते. लंगड्या कोंबड्यांनी ते खाद्य जास्त खाल्ले, आणि ज्या जास्त लंगडत होत्या त्यांनी त्याहून जास्त खाल्ले. २००३ मध्ये लिन स्नेडन यांनी ट्राउट माशांच्या ओठात ॲसिटिक आम्ल टोचले. मासे खाणे सोडून ओठ वाळूवर घासू लागले, आणि मॉर्फिन दिल्यावर हे कमी झाले. आपल्याकडे पावसाळ्यात ओढ्याकाठचे खेकडे धरतात, म्हणून खेकड्याचेही सांगतो. शंखात राहणाऱ्या एका जातीच्या खेकड्यांना रॉबर्ट एल्वूड यांनी शंखाच्या आत विजेचे हलके झटके दिले. शंख कमी प्रतीचा असेल तर खेकडा लवकर बाहेर पडे. आवडता शंख असेल तर झटके सोसून आत राही. स्टार्टर असा विचार करीत नाही. त्रास किती आणि घर किती मोलाचे, असा सौदा करायला त्रास जाणवावा लागतो. अशा पुराव्यांच्या आधाराने ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे, झिंगे आणि ऑक्टोपस यांनाही जाणीव असलेले प्राणी म्हणून मान्यता दिली. १९ एप्रिल २०२४ रोजी न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेल्या शास्त्रज्ञांच्या जाहीरनाम्याने सस्तन प्राणी आणि पक्षी यांच्या जाणिवेला भक्कम आधार आहे असे म्हटले, आणि मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी, इतकेच काय कीटकांपर्यंतही तशी खरीखुरी शक्यता आहे, असे म्हटले.

संयुत्तनिकायात दोन बाणांचा दृष्टांत आहे. अज्ञानी माणसाला दुःखाचा एक बाण शरीराला लागतो आणि शोक, चिंता, चडफड यांचा दुसरा बाण मनाला लागतो. काही लोक म्हणतात, जनावराला दुसरा बाण नसतो, त्यामुळे त्याचे दुःख हलके. मला हे पटत नाही. दवाखान्यात इंजेक्शन घेताना आपल्याला माहीत असते, की हे क्षणाचे आहे आणि आपल्या भल्याचे आहे. म्हशीला ते माहीत नसते. तिच्यापुरते जग त्या सुईएवढे झालेले असते. समज नसल्याने काही दुःखे कमी होतात आणि काही वाढतात.

आपल्या जिल्ह्यात हा विषय पुस्तकातून बाहेर येऊन रस्त्यावर उतरलेला आपण पाहिला. नांदणीच्या जैन मठातील महादेवी हत्तीण, जिला लोक माधुरी म्हणत, १९९२ पासून तेथे होती. तिच्या पायांच्या दुखण्याचा आणि एकटेपणाचा प्रश्न न्यायालयात गेला. १६ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातमधील जामनगरच्या केंद्रात हलवण्याचा आदेश दिला. २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. ती निघाली तेव्हा माणसे ढसाढसा रडली, मोर्चे निघाले. या प्रकरणात मोठ्या उद्योगसमूहाचे नाव असल्याने लोकांच्या मनात शंकाही आल्या, आणि त्या विचारण्याचा लोकांना हक्क होता. लोकांचे प्रेम खोटे होते असे मी म्हणणार नाही. पण हत्तीण जंगलात कळपात राहते, आई-मावश्यांमध्ये वाढते, आणि मऊ जमिनीवर रोज मैलोन्‌मैल चालते. आपले प्रेम आणि तिचे पाय या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि निवाडा करताना दुसऱ्या गोष्टीला आधी विचारले पाहिजे. त्यापूर्वी जोतिबाच्या सुंदर हत्तीच्या बाबतीतही असेच घडले. २०१४ मध्ये त्याला बंगळूरजवळच्या बनेरघट्ट्याला नेण्यात आले.

बैलगाडी शर्यतींचेही तसेच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने महाराष्ट्राचा सुधारित कायदा वैध ठरवला. कायद्याने परवानगी आहे, अटीही आहेत. पराणीची आर लावायची नाही, ही अट पाळली जाते की नाही हे शर्यत पाहणाऱ्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ठरवावे. बेंदराला आपण बैलाची शिंगे रंगवतो, त्याला पुरणपोळी चारतो. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल कापायला बंदी आहे. पण ज्याचा खांदा सुजून जखम झाली आहे अशा बैलाच्या मानेवर सकाळी पुन्हा जू ठेवले जाते, त्याबद्दल मोर्चा निघालेला माझ्या पाहण्यात नाही. मरणाचा विचार करणारे पुष्कळ, दुःखाचा करणारे थोडे.

येथे मला एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. आपल्या समाजात प्राणिदयेचे नाव काढले की काहींच्या कपाळाला आठ्या पडतात, आणि त्याला कारण आहे. मुंग्यांना साखर घालणाऱ्या आणि गाईला घास देणाऱ्या देशात माणसाला पाणी नाकारले गेले. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ती बंदी मोडली. मेलेली जनावरे ओढण्याचे काम ज्यांच्या गळ्यात बांधले होते, त्यांनाच ती ओढल्याबद्दल अपवित्र ठरवले होते. त्या मृत मांसाचा त्याग करण्याचे आवाहन महाडच्या त्याच परिषदेत झाले. त्याआधी सात वर्षे, मार्च १९२० मध्ये, आपल्याच कागल जहागिरीतल्या माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी बाबासाहेबांना पुढे आणले, हा इतिहास आपण जाणता. म्हणून माणसाला वगळून केलेली प्राणिदया आपल्याला ढोंग वाटते. ते बरोबरच आहे.

परंतु त्यावरचा उपाय प्राण्यांना वगळणे हा नाही. दीघनिकायातील कूटदंत सुत्त वाचा. मोठा यज्ञ करायला निघालेल्या ब्राह्मणाला भगवंत एका जुन्या राजाच्या यज्ञाची गोष्ट सांगतात. त्या यज्ञात गाई-बैल, शेळ्यामेंढ्या, कोंबड्या, डुकरे मारली गेली नाहीत. यूपासाठी झाडे तोडली गेली नाहीत, दर्भही कापला गेला नाही. आणि दास व नोकर यांना काठीचा धाक दाखवून, डोळ्यांत आसवे असताना राबवले गेले नाही. जनावर, झाड आणि राबणारा माणूस एकाच वर्णनात आले आहेत. सोपाऱ्याला अशोकाचा नववा शिलालेख सापडला. त्यातही धम्माचे मंगल कशात आहे हे सांगताना दास व नोकरांशी नीट वागणे आणि प्राण्यांबाबत संयम हे शेजारीशेजारीच येते. महाराष्ट्राच्या भूमीतला हा शिलाखंड १९५६ मध्ये मिळाला. योगायोग म्हणा, पण ते आपल्या धम्मदीक्षेचे वर्ष.

बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात अहिंसेचा उलगडा केला आहे. त्यांच्या मते बुद्धांनी अहिंसा तत्त्व म्हणून सांगितली, नियम म्हणून बांधून दिली नाही. नियम माणसाचे हात बांधतो. तत्त्व त्याला विचार करायला लावते. मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत त्यांनी भेद केला. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात बुद्धकालीन श्रमणांच्या मांसाहाराची निर्भीड चर्चा केली आणि त्यावर मोठा वाद झाला, तोही अभ्यासण्यासारखा आहे. मी आपणास मांस खा किंवा खाऊ नका असे सांगायला आलेलो नाही. ज्याच्या घरी सुकट-बोंबिलाशिवाय कोरड्यास होत नाही, त्याला आहारावर व्याख्यान देणे मला शोभणार नाही. पण जे जनावर आपल्या दावणीला आहे, खुराड्यात आहे, पातेल्यात जाणार आहे, त्याचे जिवंतपणीचे हाल कमी करणे गरिबातल्या गरीब घरालाही जमते.

विद्यार्थ्यांनी काय करावे असे मला आयोजकांनी बोलायला सांगितले आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. जनावराला दिवसाला नऊ तासांहून जास्त कामाला लावायचे नाही. सलग पाच तासांनंतर विश्रांती दिलीच पाहिजे. ऊन सदतीस अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन जुंपायचे नाही. साखर कारखान्यांच्या हंगामात मार्चमध्ये उसाच्या गाड्यांकडे पाहा आणि हे नियम किती जणांना माहीत आहेत ते विचारा. मात्र विचारताना गाडीवानाशी भांडू नका. तोही बीडकडून पोट घेऊन आलेला असतो, आणि बैलाइतकाच दमलेला असतो. खेपांचा हिशेब त्याने ठरवलेला नसतो. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. तेव्हा कायद्याच्या भीतीने काही होईल अशी आशा धरू नका. गावात पाण्याचा हौद भरलेला ठेवणे हे त्या पन्नास रुपयांपेक्षा मोठे काम आहे.

दुसरे, पाचट. ऊस गेल्यावर शेतात पाचट पेटवण्याची आपल्याकडे सवय आहे. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात, राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावरच्या आज्ञेत, जीवजंतू असलेला भुसा जाळू नये आणि विनाकारण वणवे लावू नयेत असे कोरलेले आहे. त्या पाचटात बेडूक, सरडे, मुंगुसाची पिले, पाखरांची घरटी असतात. मातीतले गांडूळ तर असतेच. पाचट सरीत दाबले तर पाणी वाचते आणि खतही होते, हे कृषी विद्यापीठेही सांगतात. येथे जिवाचे आणि खिशाचे भांडणच नाही.

तिसरे, ज्यांनी पोल्ट्रीचा धंदा करायचे ठरवले आहे त्यांच्यासाठी. पायाने अधू झालेली कोंबडी वेगळी काढून तिच्यापुढे खाद्य-पाणी नेऊन ठेवायला पाच मिनिटे लागतात. पायांना बांधून सायकलला उलटे टांगून कोंबड्या नेण्याची पद्धत बंद करायला एक टोपली लागते. खेकडा उकळत्या पाण्यात टाकण्यापूर्वी बर्फात ठेवून सुन्न करता येतो. किंवा टोकदार लोखंडाने झटकन मारता येतो. ऐकायला हे क्रूर वाटते, पण जिवंत उकळण्यापेक्षा ते कितीतरी बरे.

आणि मेथीची जुडी निवडणाऱ्या आईला सांगा की तिने निर्धास्तपणे भाजी करावी.

आणखी प्रश्न असतील ते भोजनदानानंतर विचारावेत, मी येथेच आहे.